उंटाची बाटली

सगळं सुरळीत होतं असा तो शेवटचा रविवार. टेकडीवर निघायच्या आधी बाबांनी सवयीप्रमाणे एकेकाची झडती घेतली. टोपी, लांब बाह्या, पाणी. एकीने नुसताच गॉगल आणला होता. "चष्म्याने तहान भागते का, ताई?" त्यांनी विचारलं. उभा जन्म कारखान्यात फोरमन म्हणून गेलेला. निवृत्तीनंतर दरडावायला हा चालणाऱ्यांचा गट तेवढा उरला होता.

प्रत्येक सावलीला थांबवून त्यांनी सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तहान लागायची वाट बघू नका, हे पालुपद होतंच. स्वतः मात्र घोटभरही घेतलं नाही.

"उंटाला कशाला पाणी," गटातले शिंपीकाका म्हणाले. बाबांना उंट हे नाव त्यांनीच ठेवलेलं. सगळे हसले, आणि बाबाही जरा ताठ होऊन हसले.

घरी आल्यावर लेकीने त्यांची बाटली धुवायला घेतली. काठोकाठ भरलेली. दर रविवारी असायची. कारण तिला ठाऊक होतं. प्रोस्टेटच्या दुखण्याने त्यांना घडीघडी जावं लागे, आणि गटात बायकाच जास्त. सगळ्यांना ताटकळत ठेवून झुडपामागे जाण्यापेक्षा कोरड्या घशाने चढणं त्यांना बरं वाटे. घरातसुद्धा ते आत गेले की आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवत. बापलेकी पुस्तकांवरून तावातावाने भांडत, पण ही गोष्ट कधी दोघांच्या तोंडी आली नाही. तिने पाणी कुंडीत ओतलं आणि बाटली उपडी घातली.

पुढच्या रविवारी शेवटच्या चढावर त्यांची जीभ अडखळू लागली. आधी सगळ्यांना वाटलं, ऊन लागलेल्या माणसाची नक्कल करून दाखवताहेत. मग ते खाली बसले. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. त्यांना सावलीत आडवं केलं, कपडे सैल केले, बाटल्याच्या बाटल्या अंगावर रित्या केल्या. त्यांनीच शिकवलेलं सगळं, अगदी त्याच क्रमाने. हॉस्पिटलात पोचेपर्यंत शुद्ध हरपली होती, ती परत आली नाही. नर्सने त्यांची पिशवी लेकीच्या हातात दिली. जड होती. आत काय आहे हे बघायची तिला गरज नव्हती.

वर्षभर कोणी टेकडीचं नाव काढलं नाही. ऊन पुन्हा तापू लागलं तेव्हा शिंपीकाकाच दारात येऊन उभे राहिले. तू पुढे राहशील तर निघू, म्हणाले. ती गेली. टोप्या बघितल्या, बाटल्या बघितल्या. कोणाला दरडावणं काही तिला जमलं नाही.

पहिल्या सावलीला तिने पेला भरून काकांपुढे धरला.

"मला नको गं. वर गेल्यावर घेईन."

त्यांचे ओठ सुकले होते. बोलता बोलता त्यांनी बायकांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ती नजर तिच्या ओळखीची होती. उंटाची आठवण कोणी काढली नाही.

पेला तिने मागे घेतला नाही. काहीतरी बोलली, पण ते तिचं तिलाही नीट ऐकू आलं नाही. मग तिने घसा साफ केला आणि सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात म्हणाली, "आधी तुम्ही प्या. लघवीला लागली तर जाऊन या. आम्ही थांबू. कितीही वेळा थांबू."