लेकीच्या घरचा चहा

माझे बाबा माझ्या घरी यायचे ते स्वतःचा चहा सोबत घेऊन. चहापत्तीची डबी, साखरेची डबी, दुधाची बाटली, पाण्याची बाटली, गाळणी, स्टीलचे दोन ग्लास आणि विजेवर चालणारी केटली. एवढा संसार कापडी पिशवीत भरून, ती पिशवी मांडीवर धरून ते अमडापूरहून चिखली आणि चिखलीहून बुलढाणा असे एसटीने यायचे. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर लेकीच्या घरचा घोटभर चहा पोटात जाऊ नये म्हणून.

आमच्याकडच्या जुन्या माणसांत तशी रीत आहे. लेकीला मूल होत नाही तोवर आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कोण पाळतं हो हे? माझ्या आईने तर माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच दिवाळीत ही रीत गुंडाळून ठेवली आणि माझ्याकडे मांडी घालून पुरणपोळी खाल्ली. बाबा शेजारी बसून घरून आणलेली भाकरी खात होते. "तुह्या बापाचं डोस्कं म्हंजे काळा दगड," असं आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे आणखी तूप मागितलं.

बाबांचं नाव उकंडराव. आजीची मुलं जगत नव्हती. म्हणून हे जन्मले तसे त्यांना उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलून परत आणून दिलं, आणि टाकून दिलेलं पोर म्हणून यमाने यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, असं आजी सांगायची. आपला जीवच एका रीतीमुळे राहिला असं ज्याला लहानपणापासून ऐकवलं गेलं, तो माणूस दुसरी रीत मोडणार कसा? हे मला कळत होतं. कळत असूनही माझं डोकं फिरायचंच.

कारण बाबा चहाचे नुसते शौकीन नव्हेत, व्यसनी आहेत. केटली येण्याआधी ते माझ्याकडे तासभर बसायचे, जांभया द्यायचे आणि मग हळूच उठून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला जायचे. लेक आणि जावई घरात बसलेले, आणि बाप टपरीच्या बाकड्यावर. गल्लीतल्या बाया मला विचारायच्या, "भांडण झालं का वं वडिलांसोबत?" मी हसून वेळ मारून न्यायचे आणि घरात येऊन भांडी आदळायचे. हर्षल, माझा नवरा, इथल्या कॉलेजात शिकवतो. तो स्वभावाने थंड. "जाऊ दे ना, त्यांची श्रद्धा आहे," एवढंच म्हणायचा. त्याला काय जातंय म्हणायला! बाप माझा होता.

मग एका वर्षी सोयाबीनचं बियाणं घेतलं तेव्हा दुकानदाराने बाबांना केटली भेट दिली. बाबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्याच खेपेला ते पिशवी घेऊन हजर. मी म्हटलं, "बाबा, यात नुसतं पाणी उकळतात." ते म्हणाले, "मले नोको शिकवू." आणि त्यांनी केटलीत एकदमच दूध, पाणी, साखर, पत्ती आणि घरून ठेचून आणलेलं अद्रक घातलं, जसं आपण पातेल्यात घालतो तसं. बटन दाबून ते कौतुकाने बघत बसले. गॅस बारीक करता येतो, केटली कुठे बारीक होते? दूध उसळलं, झाकण उचकटलं, आणि सगळा चहा टीपॉयवरून माझ्या नव्या चादरीवर. तळाला जळालेल्या दुधाचा वास दोन दिवस घरात होता. मी पोट धरून हसले. बाबा आपल्या उपरण्याने टीपॉय पुसत म्हणाले, "हसतं काय वं? तो दुकानदार बोललाच नाई काही."

त्यानंतर त्यांनी पद्धत बसवली. केटलीत पाणी उकळायचं, ग्लासात पत्ती आणि साखर घालून वर ते ओतायचं, ग्लासावर ताटली झाकून ठेवायची, मग गाळून वरून दूध. चहा फिक्काच व्हायचा, दवाखान्यात मिळतो तसला. बाबा तो आवडीने प्यायचे. दुसरा ग्लास माझा. लेकीला द्यायला रीतीची आडकाठी नव्हती, फक्त घ्यायला होती. माझ्याच घरात मी पाहुणी, आणि यजमान माझा बाप.

"बाबा, करंट तर माह्या घरचा हाय ना?" मी एकदा त्यांना पेचात पकडलं. "तो कसा चालते तुमाले?"

"करंट सरकारचा असते," बाबा शांतपणे म्हणाले. "तुह्या घरचा थोडीच हाय."

असं आमचं चालायचं. ते यायचे तेव्हा पिशवीत केटलीसोबत माझ्यासाठी काहीतरी असायचंच. ज्वारी, तुरीच्या ओल्या शेंगा, चिंच. द्यायचे आणि जायचे. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायचे, परत यायचे, आणि मला स्वयंपाकघरात पाऊल टाकवायचं नाही. बाप येऊन गेला म्हणावं तर घरात एक उष्टी कपबशीसुद्धा नसायची. मला फार मोठं काही नको होतं. मी अद्रक घालून, दूध आटवून केलेला चहा माझ्या बापाने एकदा प्यावा आणि म्हणावं, बेस झाला. लोकांच्या लेकींना जे रोज फुकट मिळतं, तेवढंच मला हवं होतं.

एकदा माझा तोल गेला. मूल व्हावं म्हणून आम्ही ज्या अकोल्याच्या दवाखान्यात जायचो, तिथून नुकतेच परत आलो होतो, आणि याही वेळी गर्भ राहिला नव्हता. बाबा केटली लावत होते. मी म्हटलं, "माह्या पोटी लेकरू नाई, त्याची शिक्षा देऊन राह्यले का तुमी मले? सांगा ना. एवढी वाईट हाय का मी?"

बाबांचा हात बटनावरच राहिला. "शिक्षा नाई वं माय," ते म्हणाले. पाणी उकळून केटली आपोआप बंद झाली तरी ते तसेच उभे होते. त्या दिवशी आम्ही दोघांनीही चहा घेतला नाही.

दवाखाना सुरूच राहिला. सुया, गोळ्या, तपासण्या, आणि पुन्हा अकोल्याच्या फेऱ्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच एक दिवस माझा हात हातात घेऊन सांगितलं, की आता शरीराला आणखी त्रास देऊ नका. हर्षल म्हणाला, "बस, वंदना." मीही म्हटलं, बस. आईला फोन करून सांगितलं. ती रडली. मी बाबांना फोन द्यायला सांगितलं, पण ते वावरात गेले होते. की गेले म्हणून तिने सांगितलं, कोण जाणे.

त्याच आठवड्यात दुपारी दार वाजलं. हर्षल कॉलेजात होता. दारात बाबा. टोपी, उपरणं, पायात धुळीने भरलेल्या वहाणा, आणि दोन्ही हात मोकळे. मी त्यांच्या मागे पाहिलं, पायरीवर ठेवली असेल म्हणून. पायरीवरही काही नव्हतं.

"पिशवी एसटीत राह्यली का?" मी विचारलं.

"नाई. आनलीच नाई."

ते आत येऊन बसले. नेहमीसारखंच आजही मी त्यांच्यासमोर पाणी ठेवलं नाही. इतक्या वर्षांत हाताला तशी सवयच लागली होती. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "वंदे, चहा ठेव. अद्रक टाक त्यात."

मी ऐकलं, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लहान पोरीसारखी मी उठले. ओट्याशी गेले, पातेलं गॅसवर ठेवलं, दूध काढलं. अद्रक ठेचता ठेचता माझा हात थांबला. लेकीला मूल होईपर्यंत चहा घ्यायचा नाही. मग आज का मागितला? मला मूल झालं होतं काय? काहीच नाही. म्हणजे बाबांनी मनातल्या मनात हिशेब मिटवला होता.

मी तशीच बत्ता हातात घेऊन बाहेर आले. "बाबा, आजच काऊन?"

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मले वाटे, आपुन थांबावं," ते म्हणाले. "मी चहा घेतला त देवाले वाटन, या म्हाताऱ्यानं आस सोडली. घरात एक जन तरी वाट पाहून राह्यला पाह्यजे. म्हून नोतो घेत. तुले शिक्षा कायची देऊ मी?" मग ते म्हणाले, "आता तू लय सोसलं. आता कोनासाठी काही करू नोको. माह्यासाठी बी नोको. जाय, उतू जाईन दूध."

मी आत गेले. चहा केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी साखर किती घातली ते मला कळलं नाही. इतकी वर्षं मी ज्याला हट्ट म्हणत आले, ज्याच्यावरून भांडी आदळली, तो माणूस एकटा माझ्यासाठी आशा धरून बसला होता. हर्षलने सोडली, आईने सोडली, मीही सोडली. माझ्या बापाने सगळ्यांच्या शेवटी सोडली, आणि तीही माझी सुटका व्हावी म्हणून.

मी कपबशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि एक घोट घेतला.

"बेस झाला," बाबा म्हणाले.

हाच शब्द मला हवा होता. पण तो ऐकल्यावर ती बशी त्यांच्या हातातून ओढून घ्यावी, म्हणावं, अजून थोडं थांबा, एवढ्यात नका आटपू, असं मला वाटलं. मी त्यांचं मनगट धरलंच.

"बाबा, नका ना पिऊ," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि बशी पुन्हा ओठाला लावली.

"पिऊ दे, माय," ते म्हणाले. "मले बी लय वर्सापासून प्याचा होता."