मशीनचा निरोपाचा झगा

सून एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना श्वास रोखायला लावून त्यांच्या फासळ्या बघायच्या, आणि घरी आल्यावर झगा घातलेला टोस्टर कोणता नि मिक्सर कोणता हे चाचपून ओळखायचं, असा तिचा हिवाळा जायचा.

कारण थंडीची पहिली शिंक आली की सासूबाई घराला कपडे घालायला घेत. माणसांचे स्वेटर मागाहून, आधी घर. टेबलफॅनला कानटोपी, कूलरला पायघोळ झगा, टोस्टरला बिनबाह्यांची बंडी. कापड सगळ्यांना एकच, जुन्या पडद्यांचं, ताटाएवढ्या पिवळ्या फुलांचं. दारांच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून लांबलचक नळ्या, आत एकाकी मोजे कोंबलेले. घरात त्यांना अजगर म्हणत. नवरा रोज सकाळी बाथरूमच्या अजगराला अडखळायचा आणि रोज नव्याने चकित व्हायचा.

त्यात एक नियम होता. चाळीस दिवस जिला कुणाचा हात लागला नाही ती वस्तू झोपली, असं सासूबाई धरत आणि तिचा झगा खालून टाके घालून बंद करत. ते टाके थंडी संपेपर्यंत उसवायचे नाहीत. एकदा नवऱ्याचा पासपोर्ट एका बॅगेत असा झोपला होता, आणि त्याने परदेशातली मीटिंग घरून केली, पण टाक्यांना हात लावला नाही. नवऱ्याला सोफ्यावरून उठवायचं असलं की सून त्याला फक्त तारीख सांगायची.

यंदाच्या थंडीत त्याने जेवताना जाहीर केलं की सासूबाईंचं शिवणाचं पायमशीन घरातून जाणार. डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला होता, त्याने व्यायामाची सायकल आणली होती, आणि ती पॅसेजमध्ये उभी होती. तिच्यावर टॉवेल उत्तम वाळत. पण खिडकीसमोर बसल्याखेरीज आपल्याला पायडल मारायची प्रेरणा मिळत नाही, असा त्याचा शोध होता, आणि खिडकीत मशीन होतं. त्याच्या एका मित्राने कॅफे काढला होता. मशीनचे लोखंडी पाय त्याला टेबलासाठी हवे होते. वरच्या भागाचं काय, असं सुनेने विचारलं. मित्र त्याची कुंडी करणार होता.

सासूबाईंनी घास चावून संपवला. ज्या मशीनवर त्यांनी या मुलाचं पहिलं झबलं शिवलं होतं, त्यात आता निवडुंग लागणार होता.

"ने म्हणावं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी ने. तोवर त्याला निरोपाचा झगा शिवते."

सुनेला आईंनी आदळआपट केलेली परवडली असती. ती रात्रभर कूस बदलत राहिली. मशीनशी तिचाही संबंध होता. एक्स-रेची खोली कायम गार, तिचे हात त्याहून गार, आणि हात लागला की पेशंट असे दचकत की फोटो हलायचे. एका आजोबांचा खांदा तर प्लेटवर दोनदा आला होता. मग सासूबाईंनी तिच्या एप्रनला आतून दोन खिसे लावले आणि त्यात बसतील अशा तांदळाच्या छोट्या उश्या शिवल्या. सकाळी तव्यावर शेकायच्या, खिशात टाकायच्या. तेव्हापासून तिचे पेशंट मेणासारखे स्थिर पडून राहत. मशीन गेलं तर उद्या हे खिसे फाटल्यावर शिवणार कोण? नवरा म्हणाला, आईला तळहाताएवढं इलेक्ट्रिकचं घेऊ. तळहाताएवढ्या वस्तूवर कूलरचा झगा शिवून दाखव, असं सून म्हणाली. तोवर तो घोरायला लागला होता.

सासूबाईंची एक वही होती, घरगुती युक्त्यांची. साबणाच्या वडीत सुई टोचून ठेवली की ती जाड कापडातूनही सरकन जाते. चेन अडकली तर मेणबत्ती घासावी. सुई हरवली तर घरातल्या सर्वांत आळशी माणसाला अनवाणी फिरवावं. बुधवारी सून कामावरून आली तेव्हा ही वही ज्या पानावर उघडी होती तिथे लिहिलं होतं, जड वस्तू एकटीने सरकवायची असेल तर पायांत लोकरीचे मोजे घालावेत. वस्तूच्या.

आणि पॅसेजमध्ये दोन झगे शेजारी शेजारी उभे होते. दोन्ही पिवळ्या फुलांचे, दोन्ही जमिनीपर्यंत, दोन्ही खालून टाके घालून बंद. एक वरून सपाट, टेबलासारखा. दुसऱ्याला दोन शिंगं. सपाट ते मशीन आणि शिंगवाली सायकल, हे शेंबडं पोरही सांगेल, असं नवरा म्हणाला. सायकललाही का शिवलंस, असं त्याने आईला विचारलं. सासूबाईंनी कॅलेंडर दाखवलं. तो शेवटचा बसल्याला बेचाळीस दिवस झाले होते.

गुरुवारी सुनेची सुट्टी होती. सासूबाई इलास्टिक आणायला म्हणून गेल्या. इलास्टिकचं दुकान कोपऱ्यावर होतं, पण त्या डबा घेऊन गेल्या. थोड्या वेळाने कॅफेची दोन माणसं आली, एक जाडा आणि एक त्याहून जाडा. पॅसेज तिथेच भरला.

"पायडलवाली वस्तू न्यायला सांगितलंय," जाडा म्हणाला.

जास्त जाड्याने झग्यावरून हात घालून दोन्हींना चाचपलं. दोन्हींना पायडल होतं. मग त्याने सपाट डोक्यावर थाप मारली, हेच टेबलाचं, म्हणून दोघांनी ते उचललं. झगा जमिनीपासून चार बोटं वर गेला, आणि सुनेला खाली काळा रबरी पाय दिसला. तिने मान वळवली. शिंगवाल्या झग्याच्या खालून लोकरीच्या मोज्याचं एक टोक डोकावत होतं.

ज्या बाईने दहा वर्षं माणसांच्या कातडीपलीकडचं बघितलं, तिला पडद्याच्या कापडापलीकडचं कळायला किती वेळ लागणार?

"ताई, हेच ना?" जाड्याने विचारलं. "लोखंडाच्या मानाने हलकं लागतंय."

सुट्टी असली तरी थंडीमुळे सून एप्रन घालूनच होती, आणि दोन्ही हात त्याच्या खिशांत होते. तांदूळ अजून कोमट होते.

"जुन्या काळचं लोखंड आहे," ती म्हणाली. "न्या."

सासूबाई दुपारी परत आल्या. पॅसेज बघितला, डबा धुवायला टाकला. मग दोघींनी मिळून मोजे घातलेला झगा परत खिडकीशी सरकवला. सासूबाई खाली वाकल्या आणि झग्याची कड धरून ओढली. टिच, टिच, टिच. वरून दिसणारे टाके नुसते शोभेचे होते. आत टिचबटणं होती. शिंगं म्हणजे दोन छत्र्यांच्या मुठी होत्या. तिकडे सायकलच्या डोक्यावर झग्याखाली चहाचा मोठा ट्रे बांधला होता, तेवढा गेला, असं त्या हळहळून म्हणाल्या.

"आई, त्याला कळणारच ना," सून म्हणाली.

"बसला तर कळेल."

तो बसला नाही. संध्याकाळी घरी आला, खिडकीशी शिंगवाला झगा बघितला आणि शाब्बास म्हणाला. आता कसं प्रसन्न वाटतंय, असंही म्हणाला. टाके उसवले की लगेच सुरू करणार होता. दिवसा तो ऑफिसला गेला की टिचबटणं उघडत आणि मशीन धडधडायचं. तो यायच्या वेळेला शिंगं जागेवर असत. असे पाच आठवडे गेले. मधे एकदा त्याने झग्याला टेकून फोटोसुद्धा काढून डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांनी शाबासकीचा अंगठा पाठवला.

मग एका रविवारी मित्राचा फोन आला. टेबलाबद्दल मित्र बोललाच नाही. तू पाठवलेल्या वस्तूने कॅफे उचलून धरलाय, लोक नंबर लावून बसतात, ये आणि बघ, म्हणाला. नवरा गेला. सून तेवढ्या वेळात घरी अजगर झटकत राहिली, एकाच अजगराला तिने तीनदा झटकलं.

तो दीड तासाने आला. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा टोमॅटो. सायकल कॅफेच्या खिडकीत होती, समोर ट्रे तसाच बांधलेला, ट्रेवर कॉफी. स्वतःच्याच सायकलवर बसायला त्याला वीस मिनिटं रांगेत उभं राहावं लागलं. मागच्या कॉलेजच्या मुली काका, काका करायला लागल्या तेव्हा उतरावं लागलं, नाहीतर तो अजून बसणार होता. हे सगळं तो कुणाकडे न बघता म्हणाला आणि सरळ खिडकीशी गेला.

सुनेने पेशंटला सांगते तसा स्वतःचाच श्वास रोखला.

त्याने झग्याची कड चाचपली. टिच. टिच. टिच. आत मशीन होतं, पाय मोज्यांत, सुईत दोरा ओवलेला. सुईखाली त्याचीच ऑफिसची पँट होती, कंबरेला उसवून वाढवायला घेतलेली. मग त्याने एक शिंग उपटलं.

"ही माझी छत्री आहे," तो म्हणाला. "पाऊसभर शोधली मी."

सासूबाईंनी स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि पँट सारखी केली. मशीन नेणार का, असं काही त्यांनी विचारलं नाही.

"कंबर दोन बोटं वाढवत होते. की जाणार आहेस रोज तिकडे?"

तो छत्री उघडमीट करत उभा होता. मग त्याने पोट आत घेऊन बघितलं.

"एकच वाढव," तो म्हणाला. "आणि तो ट्रे सीटपासून लांब पडतो. काहीतरी शिवून दे."

सासूबाईंनी पायडलवर पाय ठेवला. सुनेने श्वास सोडला आणि पिवळ्या फुलांचं किती कापड उरलंय ते बघायला आत गेली.