तळं राहिलं

"आजी, उठा आता." कंडक्टरने हाक मारली तेव्हा माझं डोकं वन्संच्या खांद्यावर होतं आणि वन्संचं खिडकीच्या काचेवर. मी गडबडीने पिशवी सावरून बाहेर पाहिलं. तळ्याच्या जागी आमच्या भागातलं हॉस्पिटल उभं होतं.

"तळं कुठाय?" वन्संनी विचारलं.

"ते मागेच गेलं. शेवटच्या स्टॉपवर हाका मारल्या, पण तुम्ही इतक्या गाढ झोपलेल्या, की हलवून उठवणं जिवावर आलं. चढलात तिथेच परत आणून सोडलं."

"पेशंटला वेळेवर उठवायचं असतं," वन्सं ठसक्यात म्हणाल्या आणि उतरल्या.

माझी ही नणंद याच हॉस्पिटलात नर्स होती. जन्मभर रात्रपाळ्या केल्यामुळे दिवसा कुठेही टेकलं की त्यांचा डोळा लागतो. मला मात्र काही सबब नव्हती. पहाटेपासून आम्ही त्यांचं सामान बांधत होतो, एवढंच. आठवड्यापूर्वी त्यांच्या धाकट्या भावाने त्यांना कायमचं राहायला बोलावलं होतं. उद्या निघायचं होतं.

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. वन्संना सुट्टी असली, की कुठल्याही बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि पाय म्हणतील तितकं चालत मागे यायचं, असा आमचा रिवाज. त्या रिटायर झाल्या तरी तो सुटला नाही. सगळे रस्ते पालथे घातले, तळ्याचा तेवढा उरला होता. छान म्हणून मागे ठेवलेला.

स्टॉपवर उभ्या राहून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आधी त्यांचे ओठ हलले, मग माझे, आणि मग हसून हसून पुरेवाट झाली.

"आता घरी?" मी डोळे पुसत विचारलं.

"घरी कशाला? डबा आहे की."

हॉस्पिटलच्या बागेतल्या बाकावर बसून आम्ही उकडलेली अंडी सोलली. इतकी वर्षं नोकरी करून त्या बाकावर वन्सं पहिल्यांदाच बसत होत्या. "इथे कुणी रेंगाळलं की मी खिडकीतून ओरडायचे," त्या म्हणाल्या. "गार आहे गं इथे. उगाच ओरडले."

तिथून घराची वाट ड्यूटी संपवून त्यांनी रोज अर्धवट झोपेत तुडवलेली. आज मात्र त्या दर चार पावलांवर थांबायला लागल्या.

"हे घर निळं कधी झालं?"

"पहिल्यापासून निळंच आहे, वन्सं."

शिंप्याच्या दुकानात शिरून काय शिवताय म्हणून चौकशी केली. कुणाच्या तरी गॅलरीतल्या पोपटाला शीळ घातली. एरवी पटकन संपणारा रस्ता संध्याकाळपर्यंत पुरला. मी फार खूश होते, आणि मधेच उद्याची आठवण होत होती. जाऊ नका म्हणावं, तर भावजींकडे जिने नाहीत, आणि वन्संचे गुडघे कुरकुरतात. माझ्या एकटेपणासाठी त्यांना अडवायचं कोणत्या तोंडाने?

घरी आलो तर फोन वाजला.

"ताई, सामान झालं ना? सकाळी गाडी घेऊन येतो," भावजींचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी चहाचा फ्लास्क धूत होते. मागे वळायचा धीर झाला नाही.

"अरे, तळं राहिलंय," वन्सं म्हणाल्या.

"कसलं तळं?"

"वहिनीबरोबर बघायचं ठरलंय. ते झाल्याशिवाय कशी येऊ? झालं की कळवते."

फोन ठेवून त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "तो फ्लास्क किती वेळ धुणार आहेस?"

"वन्सं, जाऊ नका," मी नळाकडे बघूनच म्हणाले.

"एवढंच म्हणायला आठवडा लागला होय?"

पुढच्या रविवारी डबा घेऊन आम्ही पुन्हा स्टॉपवर गेलो. तळ्याची बस आली, थांबली, दार उघडलं. तोच कंडक्टर होता. "या आजी, आज उठवतो," तो म्हणाला. वन्सं जागच्या हलल्या नाहीत आणि मीही नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि बेल मारली. बस वळणाआड गेल्यावर वन्संनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही दुसऱ्या बाजूला चालायला लागलो.