घंटेतला खोकला

"खोकला काढायचा नाही," मावशी दारातूनच म्हणाली. हातात बाकांवरचं मेण खरवडायचा सुरा होता, त्यामुळे साउंडवाली पोरगी जरा दचकलीच.

"अहो मावशी, मला त्याच्यासाठीच तर बोलावलंय. नाताळची प्रार्थना यंदा टीव्हीवर दाखवणारेत. फादर म्हणाले, देशभर खोकला ऐकवणं बरं दिसतं का?"

"तो खोकला आमच्या ह्यांचा आहे."

पोरीने हेडफोन मानेवर उतरवले.

हे चर्च राजधानीच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतं. एका बाजूला संसदेचा घुमट, दुसऱ्या बाजूला विजयस्तंभ, मधे चर्चचा मनोरा. पर्यटक मनोऱ्याकडे पाठ करून दात काढतात आणि फोटो घेतात. वरची घंटा कधीच मुकी झालीय, हे त्यांच्या गावीही नसतं. मनोऱ्याला तडे गेले, घंटा वाजवायला बंदी आली. बंदीच्या आधी तिचा आवाज एकदा टेप करून घेतला आणि तेव्हापासून वर नुसते भोंगे वाजतात. फोटोत दिसतं ते वाजत नाही आणि वाजतं ते दिसत नाही. राजधानीचा सगळा कारभार असाच चालतो, चर्चने काय वेगळं केलं?

त्या टेपसाठी, नाताळच्या तोंडावर, शेवटचा दोर ओढला तो मावशीच्या नवऱ्याने. अंगात ताप होता. नवीन वर्ष काही त्याने पाहिलं नाही. त्या टेपमध्ये दोन ठोक्यांच्या मधे तो खोकतो. शहराला वाटतं, भोंगा खरखरला. मावशी मात्र रोज दुपारी झाडू थांबवायची, वर बघायची आणि पुटपुटायची, "आले हो, पाणी आणते." मग भानावर येऊन पुन्हा केर काढायची. मेलेला माणूस रोज डोक्यावर खोकतो म्हटल्यावर दुसरी बाई वेडी झाली असती. ही त्याच्याशी भांडायची. "एवढं काय अडलं होतं तुमच्यावाचून? फादर नको नको म्हणत होते ना?"

कारण फादर तसंच सांगायचे. दर नाताळला, वेदीवरून. "मी हात धरला त्याचा. म्हटलं, बाबा रे, जाऊ नकोस. पण प्रभूवरचं प्रेम! ऐकलं नाही त्याने." लोक डोळे पुसायचे. मावशीही पुसायची. चर्चमागची खोली आणि झाडायचं काम फादरनीच दिलं होतं. उपकार मानायचे तर पुरते मानावे लागतात.

"एवढं एकच उरलंय बाई माझ्याजवळ," ती आता पोरीला म्हणाली. "फोटोत तर ते बोलत नाहीत."

"बसा इथे," पोरगी म्हणाली. "मी घंटेचा आवाज वेगळा केलाय. खाली जे उरलंय, ते ऐका. मी काल ऐकलं. तुम्हाला सांगू की नको, हेच कळत नव्हतं."

तिने हेडफोन मावशीच्या कानांवर ठेवले.

घंटा नव्हती. वारा होता. दोराची करकर होती. धापा होत्या, इतक्या जवळ की मावशीने मान वळवून पाहिलं. मग तो खोकला. आणि खोकल्यामागून, इतकी वर्षं घंटेच्या घणघणाटाखाली गाडलेला, त्याचा आवाज:

"फादर, छातीत दुखतंय हो. उतरू का?"

आणि दुसरा आवाज, ठणठणीत, खालून:

"हे नीट नाही आलं. अजून एकदा ओढ. मग उतर."

मावशीने पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. सुरा मांडीवरून खाली पडला, तो तिने उचलला नाही.

"इतकी वर्षं मी त्यांनाच बोल लावत होते," ती म्हणाली.

"मावशी, मी हे घंटेत परत घालते," पोरगी पेटली होती. "मोठ्ठं करून. अख्ख्या देशाला ऐकू दे फादरचं पुण्य! माझे पैसे बुडाले तर बुडाले."

मावशीच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. कुणाच्याही सुटलं असतं. तिने हेडफोन काढून पोरीच्या हातात दिले.

"नको," ती म्हणाली. "म्हणजे रोज दुपारी त्यांना परत वर चढवायचं? पुसून टाक सगळं. उतरू दे त्यांना."

"आणि फादर?"

"त्यांचं मी बघते."

नाताळच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. गोठ्याच्या देखाव्यात कोरं करकरीत गवत, पहिल्या बाकावर मंत्री, मंत्र्याच्या बायकोच्या मांडीवर पिसांची टोपी, जिकडे तिकडे कॅमेरे. फादरनी कॅमेऱ्याकडे बघून सुरुवात केली, "मी त्याचा हात धरला. म्हटलं, बाबा रे..."

मावशी मागच्या बाकावरून उठली. मधल्या वाटेने चालत पुढे आली. ही वाट तिने इतकी वर्षं झाडली, पण भरल्या चर्चमध्ये त्या वाटेवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"फादर," ती साध्या आवाजात म्हणाली, जशी रोज चावी मागायची तशी. "ते विचारत होते, उतरू का."

फादरच्या तोंडचं वाक्य तिथेच राहिलं. कुणीतरी लगबगीने वाद्यवाल्याला खूण केली. मंत्र्याने घड्याळ पाहिलं. फादरनी दोन्ही हातांनी वेदीची कड धरली आणि ते खाली बघत राहिले.

मावशी वळली आणि त्याच वाटेने बाहेर पडली. खोलीतलं सामान बांधावं लागणार, हे तिला ठाऊक होतं.

ती पायऱ्यांवर पोहोचली तेव्हा वर घंटा सुरू झाली. लख्ख, एकही डाग नसलेली. चौकातल्या सगळ्यांनी फोन वर केले.

"ओ आजी," खालून एकजण ओरडला, "जरा बाजूला व्हा ना! मनोरा येत नाहीये फोटोत."

मावशी हलली नाही.