केतकीची सरकलेली लाट

माघाची उतरती दुपार. मैदानापलीकडे मौक्तिकभाराने वाकलेला शाळू, आणि त्यावरून सरसरत जाणारा वारा. एक कणीस झुकते, मग शेजारचे, मग त्याच्या शेजारचे. जागा एकही सोडत नाही. लाट मात्र बांधापर्यंत जाऊन पोचते.

मैदानात लेझीम. हलगीच्या ठेक्यावर मुलींची रुणझुणती रांग, आणि रांगेच्या मध्यावर केतकी, जन्मापासून जिच्या कानांची दारे बंद. शेजारच्या सायलीचा हात उठलेला दिसला की तिचा उठतो. कणभर उशिरा; रोज तेवढाच कणभर.

तालुक्याच्या स्पर्धेचा संघ आज ठरायचा होता. तावरे सरांचा हिशेब चोख: गळ्यात शिट्टी, डोळ्यांत चषक, आणि दया कायम खर्चाच्या बाजूला.

"पोरगी गुणी आहे हो," ते गणिताच्या जगदाळे बाईंना म्हणाले, "पण रांगेचा मधलाच दात पडल्यासारखं दिसतं. वगळावी लागेल."

केतकीने ओठ वाचले. "मी चुकत नाही, सर," ती आपल्या जड, गोलसर उच्चारांत म्हणाली. "मागून येते. रोज तेवढीच. बघा मोजून."

बाईंनी मैदान आखायच्या फक्कीचे घमेले ओढले. सकाळी फळ्यावर जे कुणाच्या डोक्यात शिरले नव्हते, ते मातीवर उमटले: शुभ्र, सर्पगती साइन-वक्र, आणि त्याला लागून हुबेहूब दुसरा, किंचित पुढे सरकलेला.

"आडवा काळ, उभी हाताची उंची. हात किती वर जातो, तो आयाम. फिरून तिथेच यायला लागतो, तो आवर्तकाल. मुलींनो, केतकीचं दोन्ही तुमच्याएवढंच. सुरुवात तेवढी सरकलीय, ते कलांतर. सर, प्रत्येकीला शेजारणीपासून तेवढंच सरकवा."

"म्हणजे एकीचा उशीर सगळ्यांत वाटायचा?"

"वाटून तर बघा. फुकट आहे."

रांग फुटली. पुन्हा फुटली. हलगी कडाडली की श्रवणलुब्ध हात तिच्याच मागे धावत. शेजारणीकडे कुणी बघेना. सर मिशीत हसले.

तेव्हा केतकी रांगेतून निघाली, हलगीवाल्या काकांजवळ गेली आणि शेकलेल्या, थरथरत्या कातड्यावर तिने तळहात ठेवला. ठेका विझला.

"ऐकू नका," ती मुलींना म्हणाली. "बघा."

आणि आपल्या जागी, मध्यावर, जाऊन उभी राहिली.

नीरवता. टोकाची लेझीम उठली, मग शेजारची, मग सायलीची, मग केतकीची, मग तिच्या पलीकडची. सारख्याच उंच, सारख्याच संथ, प्रत्येक कणभर सरकलेली. सरांच्या ओठांजवळ आलेली शिट्टी तिथेच थांबली.

"मधली जागा तिचीच," ते पुटपुटले.

केतकीने ते वाचले नाही. ती सायलीच्या हाताकडे बघत होती. तिच्या मनगटावरून लाट पुढे गेली, रांगेच्या टोकाला पोचली, बांधावर क्षणभर थबकली. आणि शाळूने झुकून ती पुढे नेली, कणसाकडून कणसाकडे, कणसाकडून कणसाकडे.