दौलतला विचारलं होतं

संघमित्रा घोडपदेवची. तिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की ती ऑटिस्टिक आहे, आणि तिला रडू येण्याऐवजी हायसं वाटलं. शाळेत 'आगाऊ', चाळीत 'घुमी', ऑफिसात 'अ‍ॅटिट्यूडवाली' असली नावं लावून झाली होती. निदान हे नाव तरी खरं होतं. लोक मराठीत 'स्वमग्न' म्हणायचे, ते मात्र तिला कधी रुचलं नाही. स्वतःत मग्न राहायची चैन आपल्याला मिळाली कधी, असं ती म्हणे. ती मालिकांच्या खाली येणाऱ्या ओळी, सबटायटल्स, लिहायची, घरी बसून, कानाला जाड हेडफोन लावून.

तिनंच मग रविवारची बैठक सुरू केली. बुद्धविहाराच्या मागची खोली दुपारी रिकामी असे, ती मागून घेतली. आपल्यासारखी माणसं जमवायची, आपलं आपण बोलायचं, डॉक्टरांनी आणि आईबापांनी आपल्याविषयी बोलायचं नाही, एवढाच बेत होता. कुणाला पंख्याची घरघर सोसत नसेल तर पंखा बंद. कुणी डोळ्यांत बघून बोललंच पाहिजे असं नाही. टाळ्या नाहीत, हात हलवायचे. सहासात जणं येऊ लागली. विशीतला सम्यक पहिल्या दिवसापासून होता. तो आईबरोबर काळाचौकीला राहायचा आणि कुठल्याही प्रश्नाला आडवळण न घेता उत्तर द्यायचा.

लालबागहून जाईबाई आपल्या धाकट्या मुलाला, दौलतला, घेऊन यायच्या. दौलत बोलत नसे. तोंडातून हुंकार यायचा, कधी लांब सूर. पण टॅबलेटवर एका बोटानं एकेक अक्षर दाबून तो वाक्य करायचा आणि मग टॅबलेटमधल्या बाईचा आवाज ते मोठ्यानं वाचायचा. वेळ लागायचा. एका वाक्याला कधी अर्धा चहा गार होई. पण त्या खोलीत घाई कुणालाच नव्हती.

"हंय इलो की माजो झील जेवता गो बरो," जाईबाई म्हणायच्या. इथे आला की पोरगा नीट जेवतो, याचं त्यांना अप्रूप होतं.

लालबागला मसाला कुटायची दणकेबाज यंत्रं, डंख, चालतात, तिथून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावतात. दौलत उलट तिथेच थांबायचा आणि बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकून उभा राहायचा. आतले दणके त्याच्या हाडांत पोचायचे आणि तो शांत होई. गिरणीवाल्या गुणाजीनं आधी हाकलून पाहिलं. मग एकदा संघमित्रा जाऊन त्याच्याशी बोलली, आणि त्यानं भिंतीशी एक स्टूल टाकलं. एवढंच. पण त्या स्टुलाएवढी जागाही आजवर दौलतला बाहेरच्या कुणी दिली नव्हती.

श्रावणात जाईबाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

दौलत रडला नाही. तो दारात बसायचा आणि सूर लावायचा, तासन्‌तास. थोरला भाऊ जगदीश, वहिनी दीपिका, त्यांची लहान मुलगी आणि दौलत, असा दोन खोल्यांचा संसार. त्यात चाळ पाडायला निघालेली, लवकरच सगळ्यांना तात्पुरत्या घरात जायचं होतं. ते याहून लहान. शेजारी आधी हळहळले, मग कुरकुरले, मग तक्रार करू लागले. जगदीशनं दादरच्या एका संस्थेत विचारलं. संस्थेच्या मेघनाताईंनी कर्जतकडच्या एका निवासी केंद्रात जागा मिळवून दिली. आता फक्त सज्ञान अपंगांना कायदेशीर पालक नेमणाऱ्या सरकारी समितीनं जगदीशच्या नावावर शिक्का मारायचा होता.

संघमित्राला कळलं तेव्हा ती धावत लालबागला गेली. तिनं जगदीशला विचारलं, "दौलतला विचारलं का?"

जगदीश वाईट माणूस नव्हता. त्यानं दौलतचं ताट उचलून मोरीत ठेवलं. मग म्हणाला, "ताई, आईनं त्याला आयुष्यभर सांभाळला. सांभाळायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाही. दीपिका दिवसभर एकटी असते. तिची पण उमेदीची वर्षं जातायत."

संघमित्रानं उपाय सांगितले. दिवसा दौलत बैठकीतल्यांकडे आळीपाळीनं राहील, गुणाजीकडे मसाल्याची पाकिटं भरायचं काम करील, गुणाजी तयार आहे. जगदीशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समिती काय म्हणते बघू." दमलेल्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी ठरवायला हवं असतं, तसं त्याचं झालं होतं.

मेघनाताईंचा तिला आधार वाटत होता. त्या दर वर्षी ऑटिझम जागरूकतेच्या दिवशी तिला स्टेजवर बोलवायच्या, शाल घालायच्या, 'आपली संघमित्रा' म्हणायच्या. समितीवर त्याही होत्या. त्या समजून घेतील असं ती धरून चालली.

समिती एका सरकारी इमारतीत बसली. बाहेर रस्ता खोदत होते, आत एक ट्यूबलाइट फडफडत होती. टेबलापलीकडे एक अधिकारी, एक डॉक्टर आणि मेघनाताई. अलीकडे जगदीश, दौलत आणि संघमित्रा.

डॉक्टरांनी दौलतला नाव विचारलं. दौलत उठला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. ड्रिलचा दणका भिंतीतून येत होता. संघमित्रानं सांगितलं की तो स्वतःला सावरतोय, टॅबलेट त्याच्या हाती द्या, अर्धा तास द्या. त्याला काय हवं ते तो स्वतः सांगेल. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत. दौलतला टॅबलेट दिला गेला. तो खाली फरशीवर बसला आणि त्याचं बोट पडद्यावर फिरू लागलं.

तेवढ्यात संघमित्रा आपलं म्हणणं मांडू लागली. तिनं तयारी केली होती. तिचं बोलणं रेखीव होतं, मुद्द्याला मुद्दा जोडलेला. बोलून झाल्यावर मेघनाताई मायेनं हसल्या.

"संघमित्रा, तू आणि तो एक नाही गं," त्या म्हणाल्या. "तू कमावतेस, एकटी हिंडतेस, इतकं छान बोलतेस. तुझ्याकडे बघून कुणाला कळणारसुद्धा नाही. दौलतसारख्यांचं दुखणं तुला कसं कळणार?"

ती उत्तर द्यायला गेली आणि शब्द आलाच नाही. हे तिला नवं नव्हतं. फार आवाज, फार उजेड आणि वर काळजात काही लागलं की तिची जीभ जणू दुसऱ्याच्या तोंडात असल्यासारखी होई. तिनं फोन काढला आणि लिहिलं, 'मला आत्ता बोलता येत नाही. लिहून देते.' तो पडदा तिनं पुढे केला. मेघनाताई उठून आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या स्पर्शानं तिचं अंग भाजल्यासारखं झालं. ती मागे सरली, खुर्ची पडली.

"बघा," मेघनाताई हळहळून म्हणाल्या, "हिचंच हिला झेपत नाहीये बिचारीला. आणि ही त्याची जबाबदारी घ्यायला निघालीय."

बोलली तेव्हा ती दौलतसारखी नव्हती, आणि बोलता येईना तेव्हा ती दौलतसारखीच झाली. मधली कुठली जागा तिला ठेवलीच नव्हती. शिपायानं तिला बाहेर बाकावर बसवून पाणी दिलं. दार लोटलेलं होतं. आत कागद उलटल्याचा आवाज आला, खुर्च्या सरकल्या. आणि मग टॅबलेटमधल्या बाईचा तो सपाट आवाज तिनं स्पष्ट ऐकला.

"मला घरी राहायचं आहे. आई तिथे होती. जगदीश माझा भाऊ आहे."

मग डॉक्टर म्हणाले, "आधीच कुणीतरी भरून ठेवलेलं असणार." आणि अधिकारी म्हणाले, "सही झालीये आता."

जगदीश बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या मागे दौलत टॅबलेट छातीशी धरून येत होता. तो तेच पुन्हा पुन्हा वाजवत होता. जिना उतरेपर्यंत ते ऐकू येत होतं.

होळीच्या आधी दौलतला पोचवून आले. संघमित्रा पहिल्या महिन्यात भेटायला गेली. केंद्र स्वच्छ होतं, आवारात जास्वंदी लावलेल्या होत्या. टॅबलेट कपाटात होता. इतर मुलं ओढाओढ करतात, तिथल्या बाईंनी सांगितलं, शिवाय त्याला आता त्याची गरज लागत नाही, गोळ्यांनी तो छान शांत झालाय. दौलत खाटेवर बसला होता. सूर नाही, हुंकार नाही. ती शेजारी बसून राहिली. तिनं त्याच्या बाजूच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी दणके दिले, जमेल तसे, डंखासारखे. त्यानं हात उचलला नाही.

परत येऊन तिनं जगदीशला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता दोन्ही तळव्यांत तोंड लपवून बसला. मग म्हणाला की त्याला पुन्हा आणायचं बळ आता आपल्यात नाही. संघमित्रानं आपल्याला काय हवं ते बोलावं.

दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा तिला फाटकातच अडवलं. भेटीगाठींनी रहिवासी बिथरतात, आता फक्त रक्ताचं नातं असलं तरच सोडायचं, असं ठरलं होतं. तिनं अर्ज केले, मेघनाताईंना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचा प्रेमळ निरोप आला, तू तब्येतीला जप.

त्यानंतरच्या रविवारी बैठकीला चारच जण आले. बाकीच्यांना घरच्यांनी सोडलं नाही, तिकडे जाऊन डोक्यात नसतं खूळ भरतं म्हणून. संघमित्रानं दौलतचं जे झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. पंखा बंद होता. खोलीत उकडत होतं.

सम्यक चटईची कड बोटांनी उसवत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "माझी आई मेल्यावर मला कुठे ठेवतील?"

दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, असं बोलू नये बाळा, आम्ही आहोत ना. पण या खोलीत खोटं बोलायचं नाही हे तिनंच ठरवलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

सम्यकनं मान हलवली. कुणी उठलं नाही. विहाराची खोली बंद करायला माणूस येईपर्यंत सगळी तशीच बसून राहिली.