बाहेरची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. एका लोहाराने मला घडवलं आणि चार जाड पेचांनी मी एका घरातल्या मागच्या खोलीच्या दाराला लागले, तेही बाहेरून. आत अडगळ होती. मोडके पंखे, रिकाम्या बरण्या, जुन्या गाद्या. मी एकदा खट्कन बसले की वाऱ्याची काय, मांजराचीही दार उघडायची बिशाद नव्हती. कडी असावी तर अशी, असं घरमालकीण आल्यागेल्याला सांगायची. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू?

घरमालकीण चष्मे दुरुस्त करायची. गल्लीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. एकटी राहायची, जिभेने फटकळ, मनाने हळवी. एकदा तिच्या दुकानात सात वर्षांची एक मुलगी मोडका चष्मा घेऊन आली. सोबत बालगृहातल्या ताई होत्या, कारण मुलीला स्वतःच्या घरी राहता येत नव्हतं. चष्मा होईपर्यंत ती दाराकडे तोंड करून बसली आणि कुणी दार लोटलं की उठून उभी राहायची. त्या दिवशी चष्मेवाली घरी आली ती ठरवूनच. अशा मुलांना घरी सांभाळायचा परवाना काढायचा आणि या मुलीला आणायचं.

तिच्या दादाने तिला वेड्यात काढलं. या वयात नसती उठाठेव कशाला, म्हणाला. पण ती ऐकते कसली! दुकान लवकर बंद करून आठवड्यातून दोनदा प्रशिक्षणाला गेली. डॉक्टरांचा दाखला आणला, पोलिसांचा आणला, शेजाऱ्यांची पत्रं आणली. अडगळ भंगारात गेली. भिंतींना पिवळा रंग लागला आणि उरलेला रंग तिने हौसेने मलाही फासला.

शेवटी तपासणीच्या बाई आल्या. औषधं कुलपात होती, खिडकीला जाळी होती, पलंग भक्कम होता. बाई खूश दिसत होत्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचं लिहिणं थांबलं.

"ही कडी बाहेरून का आहे?"

चष्मेवालीने अडगळीची सगळी हकीकत सांगितली. मुलगी आत असताना ही कडी कधीच लावणार नाही, असंही शपथेवर सांगितलं.

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तिला माहीत नाही. तिच्या घरी तिला असंच कोंडून ठेवायचे."

मित्रांनो, लोखंडाला लाज वाटते का? मला वाटली. माझ्यासारख्याच एखाद्या कडीने ते काम केलं होतं आणि कोण जाणे, तिचंही कौतुक झालं असेल.

बाईंना पाच वाजेपर्यंत ऑफिसला कळवायचं होतं. नाही कळवलं, तर मुलगी दुसऱ्या दिवशी लांबच्या वसतिगृहात जाणार होती. साडेतीन वाजले होते आणि सुताराचा फोन लागत नव्हता.

"तुम्ही चहा घ्या," चष्मेवाली म्हणाली. "मी हिला काढते."

म्हणायला सोपं होतं. माझ्या पेचांच्या खाचा गंजाने आणि रंगाने पार बुजल्या होत्या, पेचकस नुसता घसरायचा. हातोडी घातली असती तर दाराचं लाकूडच फाटलं असतं. तेव्हा तिने दुकानातली बारीक कानस आणली. चष्म्याच्या पेचाची खाच झिजली की ती त्याच्या डोक्यावर कानशीने नवी खाच पाडायची, तेच तिने माझ्यावर सुरू केलं. तीळभर पेचाची सवय असलेला तिचा हात माझ्या पेचांनी मेटाकुटीला आणला. बोटं सोलली. एक निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याने अर्धा तास खाल्ला. घट्ट धरून ठेवणं एवढंच मला जन्मभर येत होतं, पण त्या दिवशी मी स्वतःलाच म्हणत होते, सोड गं बाई, सोड. पावणेपाचला चौथा पेच सुटला आणि मी तिच्या हातात पडले. बाईंनी उभ्याउभ्याच सही केली आणि ऑफिसला फोन लावला.

चार दिवसांनी, दुपारी मुलगी आली. पिवळ्या भिंतींकडे तिने बघितलंही नाही. सरळ दाराच्या बाहेरच्या अंगाला गेली आणि बुजवलेल्या चार भोकांवर बोट ठेवलं.

"इथे काय होतं?"

चष्मेवालीला काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. "कडी होती," ती म्हणाली. "मी काढली."

"कुठे आहे?"

चष्मेवालीने मला आणून तिच्या हातावर ठेवलं. मुलीने मला दोनदा मागेपुढे सरकवून बघितलं. "ही माझ्याकडे ठेवू? म्हणजे परत कोणी लावणार नाही."

"ठेव," चष्मेवाली म्हणाली.

आधी मी मुलीच्या उशीखाली असायचे. मी जागेवर आहे ना, हे ती दिवसातून दहादा चाचपून बघायची. मग माझी रवानगी कपड्यांच्या खणात झाली, तळाशी. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं मूल राहायला येणार असेल, तर दारांच्या बाहेरच्या बाजू एकदा नीट बघा. तिथे माझी एखादी बहीण दिसली तर तिला काढा, पेच कितीही घट्ट असले तरी काढा.

आज महिना झाला, मुलीने मला पाहिलेलं नाही. माझ्यावर गंज चढतोय. आमच्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी रडगाणं गातात, पण मी गाणार नाही. तिने मला विसरावं म्हणूनच तर मी त्या दारावरून निघाले.